कॅचरला नोकरी पिचर देतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा चौदा वर्षांचा, न्यू जर्सीत वाढलेला. त्याचे आजोबा पुण्यात क्लब क्रिकेटमध्ये कीपर होते, त्यामुळे ग्लोव्हज घालून मागे बसण्याचं घरात कौतुक. शाळेच्या बेसबॉल संघात त्याला कॅचर केलंय, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून पिचरने टाकलेला चेंडू घेणारा, आणि आता तो म्हणतो, हेच करायचं, पुढे व्यावसायिक खेळायचं. यात करिअर आहे का, गुडघे राहतील का आणि अभ्यासाचं काय, हे तुम्ही विचारताय.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवाल. कॉलेजात असताना मी महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धेत कॅचर म्हणून खेळलो. अमेरिकेत आल्यावर नोकरी सांभाळून चार उन्हाळे एका छोट्या स्वतंत्र लीगच्या संघात बुलपेन कॅचर होतो, म्हणजे सामन्याआधी आणि सामना चालू असताना पिचरना गरम करून देणारा गडी. त्यानंतर वीसेक वर्षं शाळकरी कॅचर घडवतोय. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी दोघे मायनर लीगपर्यंत, म्हणजे व्यावसायिक खेळाच्या खालच्या पायऱ्यांपर्यंत, पोचले. सगळ्यांत वरच्या मेजर लीगमध्ये एकही नाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिला प्रश्न माझाच: मुलगा फेकतो कोणत्या हाताने? डावखुरा असेल तर त्याला आजच पहिल्या बेसवर किंवा आउटफिल्डमध्ये पाठवा. मेजर लीगमध्ये डावखुरा कॅचर जवळजवळ नसतोच. 1989 साली पिट्सबर्ग पायरेट्सच्या बेनी डिस्टेफानोने तीन सामन्यांत हे काम केलं, तेही अप्रूप म्हणून अजून सांगितलं जातं. तिसऱ्या बेसकडे थ्रो करायला अडचण, उजव्या बॅट्समनचा अडथळा, अशी बरीच कारणं ऐकवतात. माझ्या मते यातलं निम्मं कारण नुसती सवय आहे. पण सवयीशी भांडून करिअर होत नाही.

उजवा असेल तर आजोबांचा वारसा किती कामाचा ते बघू. मी स्वतः कीपिंगमधूनच आलो. आमच्या लहानपणी घरात नरेन ताम्हाणे आणि किरण मोरे यांची नावं घेतली जायची, त्यामुळे बेसबॉलमध्ये मिट, म्हणजे कॅचर एकाच हातात घालतो तो जाड ग्लोव्ह, हातात येताच मला वाटलं, हे तर येतंच आपल्याला. पहिल्या महिन्यातच उजव्या हाताची अनामिका मोडली. आजही ती वाकडी आहे, चहाचा कप धरताना दिसते. झालं असं की कीपर दोन्ही हातांनी चेंडू घेतो आणि हात मागे नेत त्याचा जोर मारतो. कॅचर बॅटच्या इतका जवळ बसतो की बॅटची कड लागून चेंडू जरासा वळला तरी उघडा हात मागे घ्यायला वेळ नसतो. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेगच ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिनसिनाटीच्या जॉनी बेंचने साठच्या दशकाच्या शेवटी मधोमध दुमडणारी मिट वापरून उजवा हात पाठीमागे लपवायची पद्धत रूढ केली, त्यामागे हेच कारण होतं. तेव्हा तुमच्या मुलाला आजोबांची नजर मिळाली असेल तर उत्तम. आजोबांचा उजवा हात मात्र विसरायला लावा.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं कॅचर म्हणजे चेंडू पकडणारा. पकडणं त्याला येतं असं गृहीतच धरलेलं असतं, पोळीवाल्या बाईंना कणीक मळता येते हे आपण धरतो तसं. पगार मिळतो तो वेगळ्या गोष्टीसाठी: पिचरने आपला सर्वांत चांगला चेंडू अडचणीच्या वेळी बिनधास्त टाकावा यासाठी.

उदाहरण देतो. तिसऱ्या बेसवर रनर उभा आहे, बॅट्समनवर दोन स्ट्राइक आहेत, तिसऱ्याला तो बाद. अशा वेळी सगळ्यांत घातक चेंडू म्हणजे स्ट्राइकसारखा येऊन शेवटी जमिनीत घुसणारा स्लायडर. बॅट्समन फसून बॅट फिरवतो आणि बाद होतो. पण तो चेंडू टप्पा पडून कॅचरच्या मागे गेला तर रनर धावत घरी येतो, म्हणजे धाव बसते. मी बुलपेनमध्ये होतो तेव्हा आमच्या एका पिचरकडे असा सुरेख स्लायडर होता, आणि सामन्यात नेमक्या वेळी तो टाकायचाच नाही. डोकं हलवून नकार द्यायचा आणि सरळ फास्टबॉल टाकून मार खायचा. कोच म्हणायचे, याच्यात हिंमत नाही. मला माहीत होतं की त्याचा कॅचरवर विश्वास नव्हता, कारण आधीच्या आठवड्यात असे दोन चेंडू मागे गेले होते. दुसरा कॅचर आला. त्याची बॅटिंग भिकार होती, पण समोर पडलेला प्रत्येक चेंडू तो हनुवटी खाली घेऊन छातीवर घ्यायचा आणि दोन फुटांत मारून टाकायचा. उशीवर पडल्यासारखा चेंडू तिथेच बसायचा. तीन सामन्यांत त्या पिचरचा स्लायडर परत आला. स्कोअरकार्डावर श्रेय पिचरला गेलं. कॅचरच्या नावापुढे चार वेळा बॅटिंग, शून्य हिट.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण हवं तर मार्टिन माल्डोनाडो बघा. प्वेर्तो रिकोचा हा माणूस 2011 ते 2025 मेजर लीगमध्ये खेळला. त्याची बॅटिंग सरासरी .200च्या जेमतेम वर, म्हणजे दहा संधींत साधारण दोन हिट. दुसऱ्या कुठल्याही जागेवर अशा आकड्यांवर माणूस दोन वर्षांत घरी बसतो. हा 2022 साली वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकणाऱ्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा मुख्य कॅचर होता, कारण पिचरना तो हवा असायचा. सेंट लुईसचे यादिएर मोलिना आणि पिचर अ‍ॅडम वेनराइट यांनी जोडीने 328 सामन्यांची सुरुवात केली, तो विक्रम आहे. मोलिना घरातले तिन्ही भाऊ, बेंजी, होजे आणि यादिएर, कॅचर होते आणि तिघांकडेही वर्ल्ड सीरिजच्या अंगठ्या आहेत. घराण्याची गादी म्हणतात ती अशी.

यातल्या होजेचं नाव आणखी एका कलेसाठी घेतात, तिला फ्रेमिंग म्हणतात. बॅट्समन जिच्याजवळ उभा राहतो ती होम प्लेट 17 इंच रुंद. तिच्या कडेला इंचभर बाहेर पडलेला चेंडू इतक्या शांतपणे घ्यायचा की अंपायरला तो आतच वाटावा. मिट झटक्याने आत ओढली की अंपायर ओळखतो. मिट आधी बाहेर आणि खाली नेऊन येणाऱ्या चेंडूसोबत आत यायचं असतं. कॅमेऱ्यांनी प्रत्येक चेंडूची जागा मोजायला सुरुवात केल्यावर संघांना कळलं की हंगामभरात यातून कितीतरी धावा वाचतात, आणि गेल्या पंधरा वर्षांत कॅचरची निवड बरीचशी यावर झाली. एक गुडघा जमिनीवर टेकवून बसायची पद्धत त्यातूनच सर्रास झाली. खालचा चेंडू तसा चांगला घेता येतो. जुने लोक नाकं मुरडतात. सुरुवातीला मीही मुरडलं होतं, आता मुलांना तेच शिकवतो.

पण हे धंद्याचं भांडवल उद्याही तसंच राहील असं समजू नका. 2026च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये चेंडू स्ट्राइक (प्लेटवरून, चौकटीत) की बॉल (बाहेर) या अंपायरच्या निर्णयाला आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं, आणि आव्हान फक्त बॅट्समन, पिचर किंवा कॅचर यांनीच, तेही लगेच द्यायचं. डगआउटकडे, म्हणजे कोच बसतात त्या बाकाकडे, बघून विचारायची सोय नाही. 2025च्या वसंतातल्या सराव सामन्यांत याची चाचणी झाली तेव्हा कॅचरची 56 टक्के आव्हानं बरोबर निघाली, पिचरची 41 टक्के. अंपायरला गंडवणाऱ्या हाताची किंमत थोडी उतरेल आणि अंपायर कुठे चुकला हे क्षणात ओळखणाऱ्या डोळ्याची चढेल. गंमत म्हणजे दोन्ही एकाच माणसाकडे असतात.

खुणांचंही तसंच. मांड्यांमध्ये बोटं दाखवून कोणता चेंडू ते सांगायची शंभर वर्षांची रीत होती. अ‍ॅस्ट्रोजने 2017 साली कॅमेऱ्याने त्या खुणा चोरल्याचं प्रकरण उघडकीस आलं, आणि 2022पासून पिचकॉम नावाचं यंत्र आलं: कॅचर बटण दाबतो, पिचरला टोपीत आवाज ऐकू येतो, इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये. 2023 साली घड्याळ आलं. बेसवर कुणी नसेल तर पिचरला 15 सेकंद, आणि त्यातले 9 उरतात तोवर कॅचरने आपल्या जागी बसलेलं असायला हवं. शिवाय पिचरजवळ जाऊन बोलायच्या फेऱ्यांवर मर्यादा, आता सामन्यात चारच. पूर्वी घाबरलेल्या पिचरला शांत करायला मी रमतगमत चालत जायचो, मास्क काढायचो, घाम पुसायचो. आता ते काम बसल्या जागेवरून, मानेच्या एका हालचालीने करावं लागतं.

पिच पडत असताना पुढचा बेस चोरायला धावणाऱ्या रनरला बाद करायच्या थ्रोचं दोन ओळींत सांगतो, कारण मुलं याच्याच मागे असतात. होम प्लेटपासून दुसरा बेस 127 फुटांहून थोडा लांब. चेंडू मिटमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत साधारण दोन सेकंद, ही मेजर लीगची सरासरी, 1.9च्या खाली आलात तर लोक मान वळवतात. यात हातातल्या ताकदीपेक्षा पाय आणि चेंडू मिटमधून हातात घ्यायची सफाई जास्त. 2023 साली बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे झाले आणि पिचरच्या बेसवरच्या फेकींवर बंधन आलं, तर बेसचोऱ्या एका वर्षात 2,486वरून 3,503वर गेल्या. त्यात दोष बहुतेक वेळा कॅचरचा नसतो, पण टीव्हीवर चेहरा त्याचाच दिसतो.

आता शरीर. तुम्ही गुडघ्यांचं विचारलंत. मला जास्त काळजी डोक्याची आहे. एका सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडूंना बसायचं, हंगाम 162 सामन्यांचा, त्यातले मुख्य कॅचर शंभर-सव्वाशे खेळतो. गुडघे दुखतात, पण त्यांना विश्रांती देता येते, कॅचरला मधूनमधून नुसता बॅटिंगला उतरवतात. बॅटची कड लागून मास्कवर आदळणारी फाउल टिप मात्र सांगून येत नाही. मिनेसोटाचा जो मॉअर तीन वेळा बॅटिंग सरासरीत आपल्या लीगमध्ये पहिला आला, असं करणारा त्याच्या लीगमधला एकमेव कॅचर. ऑगस्ट 2013मध्ये डोक्याला असा मार बसला आणि त्याचं कॅचिंग संपलं. पुढची पाच वर्षं तो पहिल्या बेसवर खेळला. 2018च्या शेवटच्या सामन्यात तो पुन्हा पूर्ण सामान चढवून आला, एक चेंडू घेतला आणि गेला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून रडलो, हे सांगायला लाज वाटत नाही.

टकरीचा धोका आता कमी आहे. मे 2011मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीवर रनर येऊन आदळला, त्याचा पाय मोडला, घोट्याचे लिगामेंट फाटले. पुढच्याच वर्षी तो परत येऊन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला खरा, पण 2014मध्ये नियम बदलून अशा टकरींवर बंदी आली. जुन्या काळी या सगळ्या सामानाला, म्हणजे मास्क, छातीचं पॅड, पायांचे गार्ड यांना, खेळाडू थट्टेने ‘अडाणीपणाची अवजारं’ म्हणायचे: शहाणा माणूस असली जागा घेईल कशाला! ज्या मडी रूएलच्या नावावर ही कोटी सांगतात, तो कॅचर असून वकील होता.

तुमच्या मुलाच्या बाबतीत: डोक्याला मार बसून त्याला मळमळलं, उजेड खुपला, तर कोच काहीही म्हणो, त्या दिवशी तो परत मैदानात जाणार नाही. एका मुलाच्या बाबतीत मी हे पाळलं नाही, त्याच्या वडिलांच्या आग्रहाला मान दिला. सुदैवाने तो बरा झाला. त्याचे दोन महिने शाळेत डोकेदुखीत गेले, त्याला मी जबाबदार आहे असं आजही मानतो.

पैशाचं गणित कोरडं आहे. निवड होते ती जुलैतल्या ड्राफ्टमध्ये, तिथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, वीस फेऱ्या. बारावी झाल्यावर निवड होऊ शकते, नाहीतर चार वर्षांच्या कॉलेजात गेलात तर साधारण तिसऱ्या वर्षानंतर. मग मायनर लीगच्या चार पायऱ्या: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. 2023च्या करारानुसार खालच्या पायरीवर वर्षाला 26,200 डॉलर, वरच्या पायरीवर 35,800. मेजर लीगमध्ये पोचलात तर किमान पगार 2026 साली 780,000 डॉलर. एका पायरीत वीसपटीची उडी. ट्रिपल-एमध्ये तिशी गाठलेले कॅचर दिसतात, ते याच उडीच्या काठावर वर्षानुवर्षं उभे असतात. वरच्या संघाचा कॅचर जखमी झाला की फोन येतो, दहा दिवसांनी परत खाली. पण हेही खरं की 43 दिवस वर काढले तरी मेजर लीगचं पेन्शन लागू होतं, आणि ही जागा रिकामी पडू नये म्हणून संघ चांगला राखीव कॅचर सांभाळून ठेवतात.

ड्राफ्टचा क्रमांक फार मनावर घेऊ नका. माइक पियाझाला 1988 साली डॉजर्सनी 62व्या फेरीत घेतलं, तेही त्यांचे मॅनेजर टॉमी लासॉर्डा पियाझाच्या वडिलांचे मित्र म्हणून. तो पहिल्या बेसचा खेळाडू, कॅचर व्हायला नंतर शिकला, आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. पोझीसुद्धा कॉलेजात आधी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता. कॅचर पुष्कळदा असेच बनवले जातात, आणि उलटही होतं: कॅचर म्हणून बॅट चालेना, तेव्हा केनली जॅन्सनला डॉजर्सनी पिचर केलं आणि तो आपल्या काळातला मोठा क्लोजर, म्हणजे सामना शेवटी राखून देणारा पिचर, झाला. भारतातून 2008 साली आणलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू पिचरच झाले. हात तयार असला की पिचर घडवायचा निदान प्रयत्न करता येतो. असा वर्षभरात कॅचर घडवून दाखवा म्हटलं तर मी हात जोडेन.

खेळ संपल्यावर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण या जागेचा सगळ्यांत मोठा फायदा तिथेच आहे. ब्रूस बोची, जो टॉरी, माइक सोशा, जो जिरार्डी, वर्ल्ड सीरिज जिंकणारे हे सगळे मॅनेजर कॅचिंग करून आलेले. बोचीने तर चार जिंकल्या आणि खेळाडू म्हणून तो राखीवच होता. स्टीफन व्होटला मेजर लीगमध्ये पहिली हिट मिळायला 33 प्रयत्न लागले. क्लीव्हलंडचा मॅनेजर झाल्यावर पहिल्या दोन्ही वर्षी, 2024 आणि 2025मध्ये, तो लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. मैदानातल्या नऊ जणांत बाकी आठांकडे तोंड करून बसणारा एकटा कॅचर, त्यामुळे खेळ त्याला वेगळा दिसतो. माझ्यासारख्या छोट्या माणसालाही त्यावर वीस वर्षं काम मिळालं.

तर अभ्यासाचं: अजिबात सोडू देऊ नका. शाळेतून थेट घेतलेला कॅचर हा संघांना जोखमीचा सौदा वाटतो, कारण त्याला घडायला सगळ्यांत जास्त वर्षं लागतात. पोझी, 2025 साली 60 होमरन मारणारा सिअ‍ॅटलचा कॅल रॅली, 2019 साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला अ‍ॅडली रच्मन, तिघेही कॉलेजातून आले. कॉलेजात शिक्षणही होतं आणि शरीरही भरतं.

सध्या दोनच गोष्टी करा. एक, त्याला एक साधी वही द्या. संघातल्या प्रत्येक पिचरचं एक पान. कोणता चेंडू कधी चुकतो, घाबरला की काय करतो, रागावलेलं चालतं की समजावलेलं. बॅटिंगचे आकडे त्यात लिहायचे नाहीत. महिन्याभराने वही कोरी असेल तर त्याला मास्क आवडतो, काम नाही, आणि ते वेळेत कळलेलं बरं. दुसरी गोष्ट शाळेतली. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातून आलेले पिचर प्रत्येक संघात असतात, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा घरापासून दूर, मार खात उभा असताना त्याला इंग्रजीत धीर देऊन भागत नाही. पुढच्या वर्षी विषय निवडताना मुलगा स्पॅनिश सोडतो म्हणेल. ते सोडू देऊ नका.